ग्रहणात उघडलेला चक्कू

मित्रांनो, चाकूला सगळेच भितात. लहान मुलाने हात लावला की घरातली चार माणसं एकदम ओरडतात. पण चाकूलाही कधी भीती वाटते का, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मला वाटते. मी हरीण छाप घडीचा चाकू आहे, आता बराच जुना झालोय, आणि माझं निम्मं आयुष्य पाचावर धारण बसलेल्या अवस्थेतच गेलं आहे. आमच्या बीड जिल्ह्यात मला चक्कू म्हणतात. नाव ऐकायला जरा जरब आहे, म्हणून मला ते आवडतं.

माझा जन्म एका मोठ्या शहरातल्या कारखान्यात झाला. भाता, ऐरण, घामाघूम झालेला लोहार, असलं काही आमच्या नशिबी नव्हतं. पोलादाच्या लांब पट्टीतून यंत्राने आम्हाला शंकरपाळ्यांसारखं कापून काढलं. पातळ पत्र्याच्या दोन बाजूंमध्ये बसवलं, वरून लाल प्लास्टिक चिकटवलं आणि एक खिळा ठोकून मोकळं केलं. उघडलेलं पातं आपोआप मिटू नये म्हणून पाठीत एक खटका बसवला. पात्यावर उडी मारणारं हरीण उमटवलं. त्या हरणाकडे पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली. मी विचार केला, ज्याच्या अंगावर वाघ नाही, सिंह नाही, पळून जाणारं जनावर काढलंय, त्याच्याकडून कोण कसली आशा ठेवणार?

तिथून मी खोक्यात बसून फिरत फिरत वडवणीच्या आठवडी बाजारात आलो. जमिनीवर ताडपत्री अंथरून एक माणूस फण्या, कुलुपं, बॅटऱ्या आणि आम्हाला विकत होता. गहिनीनाथ नावाचा एक उंच तरणा माणूस समोर उकिडवा बसला. त्याने मला उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. वडवणीजवळच्या एका वस्तीवर तो शेती करायचा आणि शेळ्या राखायचा. हरीण त्याला आवडलं असावं, कारण त्याने फार घासाघीस केली नाही आणि मला शर्टाच्या खिशात टाकलं.

घरी त्याची आई तुळजाबाई आणि बायको योगिता होती. पण माझी खरी परीक्षा घेतली ती त्याच्या चुलत्याने. म्हाळूतात्या म्हणत त्यांना. तात्या शेजारच्याच घरात राहायचे आणि त्यांच्याकडे घिसाड्याने घडवलेला एक विळा होता. त्या विळ्याचं कौतुक ते नातवंडाचं करावं तसं करायचे. तात्यांनी मला डोळ्यांजवळ नेलं, अंगठ्याने माझी धार पाहिली, खिळा हलवून पाहिला आणि मला खाली ठेवून दिलं. "नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा," ते म्हणाले. "असला कंपनीचा माल कावून आनला बे? ह्यो चक्कू न्हाई, पत्रा हाय."

मला फार लागलं ते. पण खोटं सांगत नाही, तात्या सगळंच चुकीचं बोलत नव्हते. माझी धार लवकर जायची. खिळा हळूहळू ढिला होत गेला. आणि एकदा गहिनीनाथ एका शेळीचे वाढलेले खूर छाटत असताना माझा खटका सुटला आणि मी त्याच्या बोटावर मिटलो. रक्ताची धार लागली. त्याने बोट तोंडात धरलं, मला शिवी दिली नाही, फडक्याने पुसून परत खिशात ठेवलं. त्या दिवसापासून मात्र मला माझ्याच खटक्याची धास्ती बसली. कुणी मला उघडलं की मी मनात म्हणायचो, देवा, आता मिटायला नको.

तरी कामं मी पुष्कळ केली. खताच्या गोण्यांची सुतळी कापली. भाकरीबरोबर खायला कांदा चिरला, शेतातली वाळकं, म्हणजे गावठी काकड्या, कापल्या. बाभळीचा काटा पायात मोडला की माझं टोक कामाला यायचं. सीताफळाच्या दिवसांत तर मला उसंत नसायची. गहिनीनाथ नेकनूरच्या बाजारात शेळी घेऊन गेला, की तिथल्या लोकांपुढे माझी तारीफ करायचा. "दिसायला साधा हाय, पर लई कामाचा हाय," म्हणायचा. खिशात बसून ते ऐकताना मला छाती असती तर ती फुगली असती.

मग त्या वर्षी दिवाळीतच सूर्यग्रहण आलं. लक्ष्मीपूजन झालं होतं, पाडवा व्हायचा होता आणि मधल्या दिवशी दुपार कलल्यावर ग्रहण लागणार होतं. योगिताला दिवस गेले होते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, दोनदा आशा लागून मोडल्यानंतर, हे पोट राहिलं होतं. त्यामुळे तुळजाबाई तिला तळहातावरच्या फोडासारखं जपत होत्या आणि ग्रहणाचं नाव निघाल्यापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

तुम्हाला ठाऊक असेल, किंवा नसेलही. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरलं, कापलं, तर बाळ फाटक्या ओठाचं जन्मतं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून तिने विळीला, विळ्याला, सुईलासुद्धा हात लावायचा नाही. उघड्यावर यायचं नाही. घरात ताठ बसून देवाचं नाव घ्यायचं. नवऱ्यानेही त्या वेळात काही कापू नये, असं तुळजाबाईंचं म्हणणं होतं, म्हणून त्यांनी सकाळीच गहिनीनाथच्या खिशातून मला काढून घेतलं.

मग त्यांनी घरातली धारेची वस्तू अन् वस्तू गोळा केली. विळी, खुरपी, कात्री, कुऱ्हाड, दाभण. तात्यांच्या घरून तो प्रसिद्ध विळाही मागून आणला. सगळं पोत्यात घालून पोत्याचं तोंड आवळलं आणि कडब्याच्या गंजीआड नेऊन टाकलं. मी त्यांच्या हातातच होतो. त्यांनी पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. गाठ पक्की बसली होती. "ह्याला काय धरायचं," असं पुटपुटून त्यांनी मला दाराजवळच्या कोनाड्यात ठेवून दिलं.

मित्रांनो, एवढीशी ती चूक. घरात सुईला मान मिळाला आणि मला मिळाला नाही, याचंच मला त्या वेळी वाईट वाटत होतं.

दुपारनंतर उजेड पिवळट आणि पातळ होऊ लागला. पाखरं वेळेआधीच झाडांकडे परतू लागली. योगिता आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, हात मोकळे सोडून, बोटंसुद्धा न वळवता. दारात भिंगरी बांधलेली होती. भिंगरी म्हणजे ठिपक्याठिपक्यांची शेळी. तीही गाभण होती, म्हणून तुळजाबाईंनी तिच्या पोटाला ग्रहणाची बाधा टाळणारा गेरूचा पट्टा ओढला होता आणि तिला कळपाबरोबर माळावर न पाठवता घरीच ठेवलं होतं. बाकीच्या शेळ्या घेऊन गहिनीनाथ गेला होता. ग्रहण लागायच्या आत परत यायचं कबूल करून गेलेला माणूस अजून दिसेना, तेव्हा तुळजाबाईंना राहवेना. सुनेला हलू नको म्हणून बजावून त्या बांधापर्यंत बघायला गेल्या.

त्या दिसेनाशा झाल्या आणि शेजारच्या वस्तीवर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. भिंगरीने जी उडी घेतली ती थेट दाराशेजारच्या दगडी ओट्यावरून पलीकडे. दावं होतं नायलॉनचं आणि आखूड. शेळी ओट्याच्या पलीकडे लोंबकळली. मागचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते, पुढचे हवेत झटकत होते. आधी ती ओरडली, आणि मग तिचा आवाज येईनासा झाला. मला कोनाड्यातून सगळं दिसत होतं आणि मी नुसता एक चाकू होतो.

योगिता दारात आली. डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत ओढलेला. आधी तिने सासूला हाक मारली, मग नवऱ्याला. कुणी ओ दिली नाही. तिने शेळीला खालून उचलायचा प्रयत्न केला, पण पोटुशी शेळी तिला पेलवेना, आणि तिला स्वतःचं पोटही सांभाळायचं होतं. खुंट्याची गाठ तिने नखांनी ओढून पाहिली. भाराने ती दगडासारखी घट्ट झाली होती. भिंगरीचे डोळे बाहेर आले. योगिता मागे वळली आणि तिची नजर माझ्यावर पडली.

नको, मी मनात म्हणालो. मला हात लावू नकोस. मला तुझ्या पोटातल्या जिवाचं भय वाटत होतं आणि माझ्या खटक्याचंही. बाळाचा ओठ फाटायचा तेव्हा फाटेल, पण तिची बोटं तर आत्ताच माझ्या पात्याखाली येणार होती. तिने मला उचललं तेव्हा तिचा हात इतका थरथरत होता की पात्याच्या खाचेत नख बसेना. बसलं तेव्हा ते मोडलं. मी उघडलो.

नायलॉनची दोरी फार वाईट. ती सरकते, दबते, पण तुटत नाही. योगिता मला पुढेमागे ओढत होती आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, देवाचं नाव की शेळीचं ते मला कळलं नाही. माझा खिळा कुरकुरला. खटका हलला. मी आयुष्यात कधी धरला नव्हता तेवढा जोर धरून उभा राहिलो. एक पेड तुटला, दुसरा तुटला, आणि दोरी सुटून भिंगरी धप्पकन खाली पडली. थोडा वेळ ती तशीच पडून होती. मग तिने खरखरत श्वास ओढला.

तेवढ्यात तुळजाबाई आणि गहिनीनाथ बांधावरून धावत आले. त्यांनी काय पाहिलं? अंधारलेल्या अंगणात सून उभी आहे, एका हातात तुटलेलं दावं आहे आणि दुसऱ्या हातात उघडा मी. तुळजाबाई ओरडल्या नाहीत. त्या होत्या तिथेच मातीत बसल्या.

"शेळी मेली असती तर दुसरी आनली असती, योगिता," त्या म्हणाल्या.

बस, एवढंच. योगिताच्या हातातून मी खाली पडलो. तुळजाबाईंनी मला उचललं आणि सगळं बळ एकवटून उकिरड्यावर भिरकावलं. शेणाच्या ढिगात तोंड खुपसून पडल्या पडल्या मी ऐकत होतो. आत योगिता रडत होती आणि गहिनीनाथ तिला काहीतरी समजावत होता.

दुसऱ्या दिवशी पाडवा. ओवाळणी नाही, गोड नाही, घर सुतक पडल्यासारखं. म्हाळूतात्या आपला विळा परत न्यायला आले आणि झाला प्रकार त्यांना कळला. मग त्यांनी विचारलं, की कापलं कशानं? हरीण छापने, असं कळल्यावर ते स्वतः उठले, उकिरडा उकरून त्यांनी मला शोधून काढलं, धुतलं आणि सगळ्यांच्या मधोमध ओट्यावर ठेवलं.

"तुळजे, तू समदी हत्यारं पोत्यात बांधलीस. ह्याला कावून न्हाई बांधलं?" त्यांनी विचारलं.

तुळजाबाई म्हणाल्या, की ते काही ध्यानात आलं नाही.

"ध्यानात कसं येईल? ह्यो चक्कूच न्हाई. मी पयल्या दिवशीच सांगितलं व्हतं, पत्रा हाय. पत्र्यानं कापलेलं गिरानाला लागत न्हाई."

असं म्हणून तात्यांनी सुंभाचा एक तुकडा घेतला, मला उघडलं आणि सगळ्यांदेखत सुंभावर घासायला सुरुवात केली. सुंभाला काही झालं नाही. बघा, साधा सुंभ तुटत नाही याच्याने, असं ते योगिताकडे वळून म्हणाले. योगिता बघत होती. तुळजाबाई बघत होत्या. बुडत्याला काडीचा आधार, तसा तो सुंभाचा तुकडा त्यांनी डोळ्यांनी धरून ठेवला होता.

पण मित्रांनो, मला तर कळत होतं. तात्यांनी मला उलटं धरलं होतं. ते माझी पाठ घासत होते, धार त्यांच्या तळहाताकडे होती. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. इतकी वर्षं मला हिणवणारा तो म्हातारा घामाने निथळत होता. तेव्हा मला समजलं, की तात्याही घाबरलेत, आणि या घरात कुणाला सुखाने झोप लागायची असेल तर मला खोटं ठरावं लागेल.

त्या दिवसापासून माझ्या मनाचं पार उलटं झालं. जन्मभर मला एकच हौस होती, की कुणीतरी आपल्याला खरा चाकू म्हणावं. आता मी रोज विनवत होतो, देवा, मी चाकू नसेन तर बरं. मी पत्रा असू दे. डब्याचं झाकण असू दे. दारात आलेल्या माणसांना तुळजाबाई आपणहून सांगायच्या, की आमच्या घरात धारेची वस्तू नव्हतीच त्या दिवशी. त्यांनी मला पुन्हा कोनाड्यात ठेवलं, आणि कुणी मला वापरेना. कसं वापरणार? मी एखादा कांदा जरी चिरला असता तरी सगळ्यांचा आधार गेला असता. भिंतीत मुरलेली पावसाळ्याची ओल अजून वाळली नव्हती, खिळ्याभोवती तांबूस गंज धरू लागला. पात्यावरचं हरीण मागच्या पायांनी गंजात रुतलं.

भिंगरी काही आठवड्यांनी व्याली. दोन पिलं झाली. तुळजाबाईंनी पिलं पुसायच्या आधी त्यांच्या ओठांवरून बोट फिरवलं. ओठ धड होते. योगिताचा चेहरा जरा उजळला, पण तुळजाबाईंच्या तोंडून निघून गेलं, की शेळीला गेरू लावला होता म्हणून निभावलं. बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. योगिताच्या पोटाला काही गेरू लावलेला नव्हता.

मग सोनोग्राफीची तारीख आली. निघताना गहिनीनाथने मला कोनाड्यातून घेतलं आणि खिशात टाकलं. का घेतलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. बीडच्या एका दवाखान्यात आम्ही बसलो होतो. खिशात त्याची मूठ माझ्याभोवती आवळलेली होती आणि ती घामाने ओली होती. नाव पुकारल्यावर दोघं आत गेले. बराच वेळ डॉक्टर पडद्याकडे पाहत होते. वाढ चांगली आहे, ठोके चांगले आहेत, असं ते म्हणाले. योगिताने सगळं धैर्य गोळा करून विचारलं, की साहेब, बाळाचं तोंड दिसतंय का? कसं हाय ते सांगा की.

डॉक्टरांना काय ठाऊक तिच्या मनात काय आहे? आपल्या जिल्ह्यात मुलगा की मुलगी हे आडून आडून विचारणारे पुष्कळ आले असतील त्यांच्याकडे. भिंतीवर पाटीच होती, की इथे गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही. त्यांना वाटलं, हाही त्यातलाच प्रकार. त्यांनी यंत्र पुसून ठेवलं आणि कोरडेपणाने म्हणाले, "असलं काही आम्ही सांगत नसतो. सांगायला बंदी आहे. पुन्हा विचारू नका."

मी खिशात गार पडलो. योगिताला एकच समजलं, की बाळाच्या तोंडाला काहीतरी आहे आणि डॉक्टर ते लपवत आहेत. गहिनीनाथलाही तेच समजलं. दोघांपैकी एकालाही उलटून विचारायची छाती झाली नाही. दोघं खाली मान घालून बसस्टँडवर आले.

वडवणीच्या बसमध्ये खिडकीशी बसून योगिता कितीतरी वेळ बाहेर बघत होती. मग नवऱ्याकडे न बघता तिने विचारलं, "अवो, पत्र्यानं नायलानची दोरी तुटती का?"

गहिनीनाथने खिशातली मूठ आणखी आवळली. उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते देता येत नाही याबद्दल मी त्या दिवशी देवाचे आभार मानले.

पुढचे महिने कसे गेले ते विचारू नका. योगिता कमी बोलायची. घरी कुणी तान्हं मूल घेऊन आलं, की ती त्याच्या ओठांकडे बघत राहायची. तुळजाबाईंनी उपास धरले. एकदा तर त्यांनी मला कोनाड्यातून काढून विहिरीपर्यंत नेलं. मी पाण्यावर लोंबकळत होतो, खाली काळं पाणी दिसत होतं, आणि त्यांचा हात उघडत नव्हता. मला विहिरीत टाकलं तर मी चाकू होतो असं कबूल केल्यासारखं होईल, एवढ्याच भीतीने त्या मला परत घेऊन आल्या. माझा जीव वाचला तो असा.

ऊन तापायला लागलं होतं तेव्हा योगिताला कळा सुरू झाल्या. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात गहिनीनाथ येरझाऱ्या घालत होता आणि मी त्याच्या खिशात होतो. दुपारी आतून रडण्याचा आवाज आला. नर्सने फडक्यात गुंडाळलेलं बाळ आणून तुळजाबाईंच्या हातात दिलं आणि मुलगी झाल्याचं सांगितलं. तुळजाबाईंनी ते धड ऐकलंही नाही. त्यांचं बोट थेट बाळाच्या ओठांवर गेलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वर, मग खाली. बाळाने ते बोट चोखायला तोंड उघडलं. ओठ धड होते, टाळू धड होती, आवाज तर सगळा व्हरांडा डोक्यावर घेणारा. तुळजाबाई खांबाला टेकल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. गहिनीनाथने खिशात हात घालून मला घट्ट धरलं. मीही रडलो असतो, पण गंजाच्या भीतीने आवरलं म्हणा.

घरी आल्यावर जो तो आपापल्या परीने कारण सांगू लागला. तुळजाबाई म्हणाल्या, उपास फळाला आले. तात्या म्हणाले, मी बोललो नव्हतो का, तो पत्राच आहे. सगळे हसले. आनंदच एवढा होता, की खोटा ठरल्याचं मलाही काही वाटलं नाही. चला, आपलं काम झालं, आता भंगारात गेलो तरी हरकत नाही, असं मी स्वतःला समजावलं. समजावताना थोडं जड गेलं.

बाळाची पाचवी होती. दिवे लावायच्या वेळी तुळजाबाईंनी पूजेची तयारी केली. बाळबाळंतिणीच्या उशाला लोखंड ठेवायची आमच्याकडे रीत आहे, म्हणजे वाईट काही जवळ येत नाही. त्यासाठी तात्यांनी आपला विळा घासूनपुसून आणला होता. तो योगिताच्या उशीखाली सरकवायला तुळजाबाई वाकल्या, तेव्हा तिने त्यांचा हात धरला. म्हणाली, विळा नको, कोनाड्यातला चक्कू द्या.

"अगं, त्यो पत्रा हाय," तुळजाबाई हळूच म्हणाल्या.

"पत्रा न्हाई, आत्याबाई. चक्कू हाय त्यो," योगिता म्हणाली. "गिरानात माज्या हातानं दोरी कापली त्यानं. समद्यास्नी ठाव हाय. अन् ही बगा माजी लेक."

तिने बाळाला उजेडाकडे वळवलं. तात्यांनी आपला विळा मागे घेतला आणि ते खाली बघत राहिले. तुळजाबाई किती तरी वेळ नातीच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्या उठल्या, मला कोनाड्यातून काढलं, पदराने पुसलं आणि उशीखाली ठेवलं. माझ्याशेजारी एवढंसं बाळ झोपलं होतं, आणि मी पुन्हा घाबरलो. हा माझा ढिला खिळा, पातं इथे उघडलं तर? रात्रभर मी अंग चोरून मिटून राहिलो.

मित्रांनो, आता गहिनीनाथ मला पुन्हा खिशात घालून हिंडतो. त्याने माझा गंज काढला, खिळा ठोकून घट्ट केला. मला कुणी विचारलं, की हरीण छाप घ्यावा का, तर मी खरं तेच सांगेन. धार लवकर जाते, खटका कच्चा आहे, बोट सांभाळावं लागतं. तुम्हाला याहून चांगला परवडत असेल तर खुशाल तो घ्या. पण जो घ्याल त्याला ओला ठेवू नका, खिळ्यावर तेलाचा थेंब सोडत जा, मिटताना पात्याच्या वाटेत बोट ठेवू नका. लहान असाल तर मोठ्यांना विचारल्याशिवाय मला हात लावू नका. आणि मोठे झाल्यावर कधी एखादा जीव दोरीला लोंबकळताना दिसला, तर दिवस कसला आहे, लोक काय म्हणतील, मी खरा आहे की खोटा, हे नंतर बघू. हात थरथरला तर थरथरू द्या. मीही आतून थरथरतच असेन. तेवढं मला उघडा.